एका नळीपुरते काडतूस

दारूगोळ्याच्या कारखान्यात ज्याने उमेदीची वर्षे घालविली, त्याला काडतूस ही वस्तू एकेकटी अशी कधी दिसतच नाही. त्याच्या नजरेपुढे असतो तो नेहमी समुदाय, एका पाळीत निघालेला, एका क्रमांकाखाली नोंदलेला आणि त्यातल्या मोजक्या नमुन्यांच्या जामिनावर पास झालेला. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला स्थापन झालेल्या कारखान्यात काडतुसांच्या तपासणीचे काम मी केले. पितळी पुंगळीच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे आणि सालाचे आकडे उमटलेले ते काडतूस पुढे कोणत्या शिपायाच्या हाती पडेल, सरहद्दीवर सुटेल की चांदमारीच्या मैदानात, ज्या रायफलीत ते भरले जाईल ती कोरी असेल की लढाया पाहून आलेली, ह्यांतले काहीही आम्हांला ठाऊक नसे. आणि ठाऊक नसे म्हणूनच आमचे गेज, आमची मापे आणि आमचे तराजू इतके कठोर होते. सर्वांना चालावे म्हणून घडविलेले काडतूस कोणा एकीला पूर्णपणे मानवतेच असे नाही, हे उमजण्याचा प्रसंग त्या नोकरीत येण्याचे कारण नव्हते. तो आला सेवानिवृत्तीनंतर, पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखात, मुलाकडे वास्तव्यास गेल्यावर एका बंदूकदुरुस्तीच्या दुकानात मी काम पत्करले तेव्हा.

दुकान लहान होते. मालक माझ्याहून वयाने पुष्कळ लहान, पण हाताने पक्का कारागीर. काडतुसे तयार करून विकण्याचा स्वतंत्र सरकारी परवाना त्याने काढलेला होता आणि त्या परवान्याच्या शर्ती तो अक्षरशः पाळत असे. त्या मुलुखात नोव्हेंबरच्या अखेरीस हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, आणि पूर्वी, म्हणजे तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडत असे तेव्हा, त्या दिवशी कित्येक शाळांना सुट्टी दिली जात असे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार जवळजवळ बंद झाले. काडतुसांत आयुष्य काढलेला मी, पण ते एखाद्या जनावरावर, कायद्याच्या चौकटीत, अन्नासाठी वापरले जाते हे मी प्रथम तेथे पाहिले. पेनसिल्व्हेनिया राज्याचे शिकार-आयोगाचे खाते १८९५ साली स्थापन झाले, ते हरणे जवळपास नामशेष झाली म्हणून. १९०६ पासून त्यांनी बाहेरून, मिशिगनसारख्या प्रांतांतून, हरणे आणून रानात सोडली, १९०७ साली माद्यांना कायद्याचे संरक्षण दिले, आणि लांडगे व पूमा नाहीसे झालेल्या त्या रानांत पुढे हरणे इतकी वाढली की कोवळी रोपे उरेनाशी झाली. ही हकीकत मालकाने मला पहिल्याच हंगामात सांगितली. माझ्या मनातला संकोच तिने पुरता गेला असे मी म्हणणार नाही. परंतु जे जनावर मारायचेच आहे ते तत्काळ आणि निश्चित मेले पाहिजे, त्यात माझ्या हातच्या कामाचा वाटा आहे, ही जबाबदारी मात्र मला तेव्हापासून स्पष्ट दिसू लागली.

अशा हंगामाच्या आधी, उन्हाळा सरताना, एक वृद्ध गृहस्थ आजोबांपासून चालत आलेली आपली रायफल घेऊन दुकानी आले. विंचेस्टर कंपनीची १८९४ ची बनावट; जॉन ब्राउनिंगच्या कल्पनेतून उतरलेली, कनेक्टिकटमधील न्यू हेवनला घडलेली, आणि पुढे सत्तर लाखांहून अधिक संख्येने निघालेली. हातातल्या कडीसारखा लिव्हर खाली ओढावा आणि परत वर घ्यावा, की रिकामी पुंगळी बाहेर पडते, घोडा चढतो आणि नळीखालच्या लांब नळकांड्यातून पुढचे काडतूस वर येते. ह्या रायफलीचे विशेष असे की ती पहिल्या वर्षांतल्या घडणीची, म्हणजे काळ्या दारूच्या जमान्याची होती. १८९४ साली ही बनावट बाजारात आली ती ३२-४० आणि ३८-५५ ह्या दोन काळ्या दारूच्या काडतुसांसाठी. निकेलमिश्रित पोलादाच्या नळ्या आणि बिनधुराच्या दारूचे सुप्रसिद्ध तीस-तीस काडतूस त्यानंतर, १८९५ साली आले. आमच्या गृहस्थांची रायफल अडतीस-पंचावन्नची होती. वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयात विंचेस्टर कंपनीची जुनी दफ्तरे जतन केलेली आहेत. तेथून मागविलेल्या दाखल्यात तिची रवानगी १८९७ सालची निघाली. १८९८ पर्यंत घडलेली बंदूक अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यान्वये पुरातन ठरते. गृहस्थांना त्या दाखल्याचा आनंद झाला. मला झाली ती काळजी, कारण त्या दाखल्याचा माझ्यापुरता अर्थ एवढाच होता की हे पोलाद साधे आहे आणि त्याला जपले पाहिजे.

त्यांची तक्रार त्यांनी कागदावरच आणली होती. बाजारात मिळणारी, एका नामांकित कारखान्याची काडतुसे त्यांनी पन्नास यार्डांवरून कागदावर झाडली होती, आणि कागदाला पडलेली भोके वाटोळी नव्हती, लांबट होती, कुलपाच्या भोकासारखी. गोळी टोकाने न जाता आडवी होऊन आदळली की असे भोक पडते, आणि ती आडवी होते ह्याचा अर्थ नळीतल्या पेचदार खाचांनी तिला धरलेलेच नसते, फिरविलेलेच नसते. गृहस्थांना वाटले, नळी संपली. आता ही रायफल भिंतीवर टांगण्याच्याच लायकीची. मालकाने नळी उजेडाकडे धरली. खाचा काळवंडलेल्या होत्या, जुन्या काडतुसांच्या, दारू पेटविणाऱ्या टोप्यांतल्या क्षारांनी जागोजाग खोदल्या गेल्या होत्या, पण कडा शाबूत होत्या. त्याने ती माझ्याकडे दिली आणि म्हणाला, “नळी बिघडलेली नाही. तिला कोणी मापलेली नाही. तुम्ही मापा.”

ह्या ठिकाणी त्या कारखान्याची बाजू सांगितलीच पाहिजे, कारण ती एका अर्थी माझीच बाजू आहे. अडतीस-पंचावन्नच्या जुन्या नळ्या एका मापाच्या कधीच नव्हत्या. खाचांच्या तळातून मोजले असता कोणी ३७६ भरते तर कोणी ३८१, आणि त्याहूनही अधिक. हे आकडे इंचाच्या सहस्रांशांचे, आम्ही कारखान्यात ज्याला थाउ म्हणत असू त्याचे. आता कारखान्याने गोळी कोणत्या मापाची ओतावी? जाड ओतली तर अरुंद नळीत दाब भलताच वाढेल. म्हणून ती बारीकच करावी लागते, आणि दारूही सर्वांत दुबळ्या बंदुकीला सोसेल इतकीच घालावी लागते. खडकीला मी असतो तर मीही तोच हुकूम दिला असता. अनोळखी बंदुकीसाठी काडतूस करणाऱ्याने भिऊनच वागले पाहिजे. त्या भीतीची किंमत रुंद नळीच्या बंदुका चुकवितात, आणि त्यांच्या मालकांना ती चूक बंदुकीची वाटते.

नळी मापण्याची रीत जुनी आणि साधी आहे. नळी स्वच्छ पुसून तिला तेलाचा हात द्यायचा, निर्भेळ शिशाचा किंचित मोठा गोळा नळीच्या तोंडाशी ठेवून लाकडी हातोडीने आत बसवायचा, आणि मग लाकडी गजाने त्याला हळूहळू पुढे ढकलीत न्यायचे. लिव्हरच्या रायफलीला मागून गज घालता येत नाही, म्हणून हे काम तोंडाकडूनच करावे लागते. आणि ह्याच कारणाने तिची साफसफाईही शंभरएक वर्षे तोंडाकडूनच होत आलेली असते. गजाच्या दुसऱ्या टोकाला जो हात असतो त्याला ती सारी कहाणी कळते. पहिले दोन बोटांएवढे अंतर गोळा सैल गेला, कारण तेथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या गजांनी कडा झिजविल्या होत्या. मग तो अडला, आणि तेथून पार चेंबरपर्यंत एकसारख्या विरोधाने, मध्येच एका खोदल्या गेलेल्या जागी जरा खरखरत, सरकत गेला. हा एकसारखा विरोध मला फार समाधान देऊन गेला. बाहेर पडलेल्या शिशाच्या त्या तुकड्यावर सहा खाचांच्या सहा कडा टाकासारख्या उमटल्या होत्या. मायक्रोमीटरला वेगवेगळ्या बाजूंनी धरून पाहिले, तेव्हा आकडा ३८० भरला. बाजारची गोळी मापली, ती तीनशे साडेशहात्तर! म्हणजे साडेतीन थाउची फट. एवढ्या फटीतून दारूचा तप्त वायू गोळीच्या कडेने निसटतो, गोळीला जाळतो, खाचांवर शिसे सारवतो, आणि गोळी न फिरता नुसती घरंगळत बाहेर पडते.

गोळी ३८१ ची हवी, म्हणजे खाचेहून एक थाउ जाड, एवढे तर ठरले. परंतु नळी जे मागते ते चेंबर देईलच असे नसते, आणि हातभरणीच्या काडतुसातली खरी पंचाईत नेहमी ह्याच दोघांच्या मध्ये उभी राहते. काडतूस ज्यात बसते त्या चेंबरचा साचा काढण्यासाठी बिस्मथची एक मिश्रधातू वापरतात. ती उकळत्या पाण्याहून कमी उष्णतेत वितळते, थंड होताना आधी आक्रसते आणि मग पुन्हा फुगत फुगत सुमारे तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येते. तो तास धीर धरून बसावे लागते. मी घड्याळ समोर ठेवूनच बसलो. साच्याच्या मुखाशी माप आले ३९९. त्यातून गोळीचे ३८१ वजा जाता उरले अठरा, आणि पुंगळीच्या पितळी भिंती दोन. म्हणजे एकेक भिंत आठ थाउची मिळाली तर दोन थाउंची मोकळीक राहणार, आणि नऊची असली तर काहीच राहणार नाही. सुटताना पुंगळीचे मुख फुगून गोळीला सोडून देते. त्या फुगण्याला जागाच नसेल तर गोळी मुखात जखडलेली राहते आणि दाब कोठल्या कोठे जातो. म्हणून आम्ही पितळ निवडले ते भिंतीवरून. शिवाय जुन्या पुंगळीची लांबी दोन पूर्णांक एक अष्टमांश इंच असे, पुढे कारखान्यांनी ती आखूड केली. आम्हांला मिळाले ते पितळ जुन्या लांबीचे आणि पातळ भिंतीचे होते. प्रत्येक पुंगळी मुखाशी मापून, जी साडेआठच्या वर गेली ती मी बाजूस काढली. मालकाला हे पाहून नवल वाटत असे. मला खडकीच्या टेबलाची आठवण होत असे, फरक एवढाच की तेथे नापास झालेला माल कोणत्याच बंदुकीला चालत नसे आणि येथे नापास झालेली पुंगळी फक्त ह्या एकीला चालत नव्हती.

गोळी आम्ही दुकानातच ओतली. तिचे टोक चपटे असले पाहिजे, ह्याबद्दल वाद नाही. कारण नळीखालच्या नळकांड्यात काडतुसे एकामागे एक रांगेने निजलेली असतात, प्रत्येकाचे टोक पुढच्याच्या बुडावर, थेट टोपीवर टेकलेले असते, आणि टोक अणकुचीदार असेल तर दणक्यासरशी ते टोपीवर आपटून स्फोट होण्याचे भय असते. अलीकडे मऊ रबरासारख्या टोकाच्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या ह्याच अडचणीवर उपाय म्हणून; पण त्या आमच्या मापाच्या नव्हत्या. वजन ठरले २५५ ग्रेन, कारण ह्या काडतुसाची जुन्या काळापासूनची गोळी तीच, आणि अठरा इंचांत एक फेरा घेणाऱ्या ह्या खाचांना तीच मानवते. हा आकडा पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा मी क्षणभर थांबलो. आमचे घराणे सराफीचे. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनांचा ठरला, म्हणजे मासा पंधरा ग्रेनांचा, आणि २५५ ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा पाच मासे. पेढीवर वडिलांच्या शेजारी बसून गुंजेपर्यंत वजने शिकलेला हात बंदुकीच्या दुकानातल्या तराजूवर मला उपरा वाटला नाही. तो तराजू ग्रेनाचा दशांश दाखवीत असे, म्हणजे गुंजेचा सुमारे एकोणिसावा भाग.

शिशात कथील किती घालायचे हा प्रश्न साऱ्यांत नाजूक. निर्भेळ शिसे इतके मऊ की खाचांत ते पकड सोडते. अँटिमनी घालून ते कडक केले, तर नळीला छान, पण सेकंदाला तेराशे फुटांच्या मंद वेगाने ती कडक गोळी हरणाच्या अंगातून आपला आकार न बदलता, सुईसारखी आरपार निघून जाईल आणि जनावर घायाळ होऊन मैलभर पळेल. आम्ही वीस भाग शिशाला एक भाग कथील हे जुने प्रमाण घेतले. त्यात गोळी नळीतही टिकते आणि फुफ्फुसाशी पोचल्यावर पसरतेही. ओतण्याचे काम मी सकाळीच करीत असे. दारे उघडी टाकून, पंखा लावून, कारण शिशाच्या वाफांशी आणि धुळीशी सलगी करण्यात शहाणपण नाही. साचा गार असला तर गोळीला सुरकुत्या येतात, जास्त तापला तर तिच्या अंगावर धुक्यासारखा पांढुरका थर चढतो. मधली एक अवस्था येते, साच्याच्या तोंडावरचे शिसे थिजायला दोनतीन क्षण लागतात ती, आणि त्या लयीत हात बसला की गोळ्या एकामागून एक चांदीसारख्या लखलखीत पडत राहतात. त्या साच्याखाली ठेवलेल्या मऊ कापडावर पडतात, नाहीतर ऊन शिशाला पोचे येतात. नंतर मेणाचा लेप, ३८१ च्या साच्यातून एक फेरा, आणि प्रत्येक गोळी तराजूवर.

दारूच्या बाबतीत गृहस्थांचे आणि माझे एकमत झाले नाही. त्यांचा ओढा काळ्या दारूकडे होता. आजोबांनी जी वापरली तीच आपण वापरावी, ही त्यांची भावना मला समजत होती आणि तिचा मी आदर करीत होतो. सोरा पाऊणशे, कोळसा पंधरा, गंधक दहा, हे शेकडेवारीचे प्रमाण शतकानुशतके चालत आले. दाब सौम्य, जुन्या पोलादाला निर्धोक. परंतु जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपाने मागे राहतो, तो हवेतले पाणी ओढून घेतो आणि एका रात्रीत नळीला गंज चढवितो. म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुतलीच पाहिजे. शिकारीच्या दिवसांत हे गृहस्थ रानातल्या झोपडीत राहणार, त्यांची बोटे सांध्यांनी आखडलेली, आणि बाहेर बर्फ. त्या नळीने एवढ्या वर्षांत जो गंज सोसला होता त्यात भर घालण्याची माझी तयारी नव्हती. बिनधुराची दारू घ्यायची, पण दाब मात्र जुन्या दारूच्या मर्यादेतच ठेवायचा, असे मी सुचविले आणि मालकाने दुजोरा दिला. दारूही निवडली ती लांबट कणांची, पुंगळीत पुष्कळ जागा व्यापणारी. कारण थोडक्या जागेत मावणारी दारू चुकून दोनदा पडली तर ती डोळ्यांना दिसत नाही आणि बंदूक फोडते, ही मात्र दोनदा पडली तर सांडूनच दाखविते. वजनाचा आकडा मी येथे मुद्दाम लिहीत नाही. तो ह्या नळीचा आहे. दुसऱ्याने आपला आकडा छापील पुस्तकातल्या खालच्या मर्यादेपासून, अर्ध्या ग्रेनाच्या पायरीने, स्वतःच शोधला पाहिजे.

गृहस्थांनी एकदा विचारले, “थोडी आणखी घातली तर काय बिघडेल? दीडशे यार्डांवर गोळी खाली येते फार.” प्रश्न रास्त होता, म्हणून मी त्याचे उत्तर हिशेब मांडून दिले. शंभर यार्डांवर नेम लावलेली ही गोळी दीडशेवर सुमारे नऊ इंच आणि दोनशेवर सुमारे दोन फूट खाली येते. वेग तेराशेवरून पंधराशेवर नेला, तर दीडशेवर फायदा होतो जेमतेम दोन इंचांचा; आणि त्या दोन इंचांसाठी शतकापूर्वीचे साधे पोलाद, आणि दट्ट्याला मागच्या टोकाशी पेलणारी ही जुनी कळ, ह्यांच्यावर प्रत्येक बाराला जादा भार पडतो. पुंगळ्या ताणल्या जातात, कळ सैल होत जाते. गृहस्थ बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे मला जवळ जावे लागेल.” मी म्हटले, “होय. तुमचे आजोबाही जवळच जात असणार.”

माझ्या मते काडतुसाची निवड म्हणजे मुळात अंतराचीच निवड आहे. गोळी, दारू, पुंगळी ही सारी सामग्री एका प्रश्नाभोवती जमवायची असते : कोणत्या अंतरापलीकडे मी चाप ओढणार नाही? हरणाच्या छातीचा जो भाग लागला असता ते थोड्याच क्षणांत पडते तो आठ इंचांच्या थाळीएवढा असतो. त्या थाळीत, उघड्या माशीवर, म्हाताऱ्या डोळ्यांनी, थंडीने काकडलेल्या हातांनी, प्रत्येक गोळी पडेल असे अंतर शोधायचे आणि त्याला हद्द मानायचे. पन्नास यार्डांवर, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकून, पाच गोळ्यांचा पुंजका दोन इंचांच्या आत आला, आणि सगळी भोके वाटोळी. ते पाहून गृहस्थांनी टोपी काढली. शंभरावर पुंजका चार इंचांचा झाला. मग पिशवी काढून घेतली, त्यांना झाडाला टेकून उभे केले आणि धाप लागेपर्यंत चालवून आणून बार टाकायला लावले. तेव्हा शंभरावरच्या गोळ्या थाळीच्या बाहेर जाऊ लागल्या आणि ऐंशीवर त्या आत राहिल्या. हद्द ऐंशीची ठरली. ती त्यांनी स्वतःच ठरविली आणि स्वतःच्या हाताने काडतुसांच्या डब्यावर लिहिली.

हंगामाच्या पहिल्या दिवशी त्यांच्या आग्रहावरून मीही रानात गेलो, बिनहत्यारी, कायद्याप्रमाणे छातीपाठीवर आणि डोक्यावर झगझगीत नारिंगी वस्त्र लेऊन. हेमलॉकचे दाट वन, खाली लॉरेलची झुडपे. उजाडल्यानंतर थोड्या वेळाने समोरच्या उतारावर शिंगवाला एक नर उभा राहिला, आडवा, निवांत, मान वर करून. अंतर एकशेचाळीस पावले तरी असावे. गृहस्थांनी रायफल खांद्याला लावली, घोडा अर्ध्यावर होता तो तसाच ठेवला, आणि पुन्हा गुडघ्यावर घेतली. तो नर आपल्या चालीने निघून गेला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. अशा वेळी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहू नये. दुपार कलल्यावर ओढ्याच्या काठाने दुसरा एक आला, लहान शिंगांचा, साठ यार्डांच्या आत, आणि त्यांनी बार टाकला. हरीण उडाले, तीसएक यार्ड धावले आणि पडले. आम्ही पोचलो तेव्हा त्यात प्राण नव्हता. गोळी दोन्ही फुफ्फुसांतून पार झाली होती; आत शिरलेले भोक अंगठ्याएवढे, बाहेर पडलेले रुपयाएवढे.

गोळीच्या वाटेच्या भोवतालचे मांस आम्ही वीतभर सोडून कापले आणि टाकून दिले, आतडी खोल पुरली. शिसे विष आहे. ते हरणाच्या पोटातून गिधाडागरुडांच्या पोटात जाते आणि त्या प्रांतात गरुड त्याने मरतात. पातळ कवचाच्या वेगवान गोळ्यांचे मांसात जसे बारीक कण उधळतात, तसे ह्या मंद, मऊ गोळीचे उधळत नाहीत. तरीही खड्डा खणण्याचे कष्ट टाळावेत असे मला वाटत नाही, आणि ते गृहस्थही कधी टाळीत नाहीत.

डब्यावर मी त्यांच्यासाठी एक चिठ्ठी डकविलेली आहे : रायफलीचा क्रमांक, गोळीचे माप व वजन, मिश्रणाचे प्रमाण, दारूचे नाव आणि वजन, पितळाची लांबी, भरल्याची तारीख, आणि खाली ठळक अक्षरांत, ही काडतुसे ह्या क्रमांकाखेरीज दुसऱ्या कोणत्याही बंदुकीत घालू नयेत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा नातू दुकानी आला. त्याने अलीकडच्या घडणीची एक अडतीस-पंचावन्न विकत घेतली होती आणि आजोबांच्या डब्यातली निम्मी काडतुसे त्याला हवी होती. आजोबांची परवानगी होती, पैसे द्यायची तयारी होती, काडतुसाचे नावही तेच. मी नाही म्हटले. तो नाराज झाला, आणि मालकाने मध्ये पडून त्याला समजाविले. “तुझी बंदूक आण,” मी त्याला म्हटले, “आणि दुपारभर येथे बस.” त्याने आणली. त्याच्या नळीचे माप ३७६ भरले, आणि चेंबरही त्या मानाने अरुंद निघाले. आजोबांची ३८१ ची गोळी त्यात कोंबली गेली असती तर काय झाले असते, ते मी त्याला दोन्ही शिशाचे तुकडे शेजारी ठेवून दाखविले. तो पुष्कळ वेळ मायक्रोमीटर फिरवीत बसला होता. त्याच्यासाठी साचा निराळा लागणार होता. तो मालकाने त्याच संध्याकाळी मागविला.